उसना श्वास

ऑक्सिजनला मराठीने प्राणवायू म्हटले, हे आपल्या भाषेच्या शहाणपणाचे लक्षण आहे असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे. लाव्हाझिए ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात ह्या वायूला जे नाव दिले, त्याचा मूळ ग्रीक अर्थ 'आम्ल उत्पन्न करणारा' असा होतो. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच अशी त्याची समजूत होती. ती पुढे चुकीची ठरली, पण नाव कायम राहिले. आपल्याकडे प्राण हा शब्द आधीच सिद्ध होता. योगशास्त्राने शरीरात पाच वायू मानले आणि त्यांत प्राणाला पहिले स्थान दिले. नवे विज्ञान आले तेव्हा मराठीने तोच जुना शब्द उचलून नव्या वायूला दिला आणि प्रयोगशाळेतील वायू व मनुष्याचा जीव ह्यांमधले अंतरच मिटवून टाकले. मात्र ह्या नावामुळे एक अडचणही उभी राहते. हा वायू सिलिंडरमध्ये भरता येतो, यंत्रातून काढता येतो, भाड्याने आणता येतो. मग प्राणही भाड्याने मिळतो की काय? आणि असा आणलेला प्राण घेऊन माणूस जगला, तर ते जगणे त्याचे स्वतःचे म्हणावयाचे की यंत्राचे?

हा प्रश्न आमच्यापुढे मांडला तो आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षकांनी. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, आम्हीही तेच म्हणू. जिवती म्हटले की देशावरच्या वाचकांना श्रावणात भिंतीवर लावावयाचा जिवतीचा कागद आठवेल. आम्ही म्हणतो ती जिवती चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, माणिकगडाच्या डोंगरांवर, तेलंगणाच्या सीमेला टेकलेली आहे. कोलाम, गोंड, बंजारा आणि मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली शेतकरी कुटुंबे अशी ह्या तालुक्याची वस्ती, आणि कापूस, ज्वारी, तूर ही पिके. गुरुजींनी ह्याच तालुक्यातील मुलांना तीस वर्षे बाराखडी शिकविली. बिडी त्यांनी साठीला सोडली, पण तोवर फुप्फुसांचे जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. बिडीच्या जोडीला जन्मापासूनचा चुलीचा धूर होताच. गावात ह्या दुखण्याला सरसकट दमा म्हणतात. डॉक्टर त्याला सी.ओ.पी.डी. म्हणतात आणि दोन्हींत भेद करतात. दम्यात आवळलेली श्वासनलिका औषधाने बहुधा मोकळी होते; ह्या आजारात ती पूर्वीसारखी होत नाही, आणि झिजलेले वायुकोश पुन्हा येत नाहीत.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून पाहिले तेव्हा आकडा ८६ आला. निरोगी माणसाचा तो बहुधा ९५ च्या वर असतो. रक्त तपासून त्यांनी लिहून दिले : मिनिटाला दोन लिटर प्राणवायू, दिवसाचे निदान पंधरा तास, आणि त्यांत संपूर्ण रात्र आलीच पाहिजे. मुलाने खटपट करून यंत्र आणले. हे यंत्र प्राणवायू निर्माण करीत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. खोलीतील हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू आणि ७८ टक्के नायट्रोजन असतो. यंत्र तीच हवा दाबाखाली झिओलाइट नावाच्या खनिजाच्या बारीक खड्यांतून सोडते. खडे नायट्रोजन अडवून धरतात आणि उरलेला, बराचसा शुद्ध प्राणवायू नळीवाटे नाकात येतो. आम्ही हे समजावून सांगितले तेव्हा गुरुजी म्हणाले, "म्हणजे निवडलेली हवा म्हणा ना फादर, सुपात तांदूळ निवडतात तशी." शिक्षकाला उपमा सापडली की त्याचे निम्मे भय जाते.

निम्मे गेले, निम्मे राहिले. पहिले पंधरा-वीस दिवस घरात रोज रात्री झगडा होत असे. "फादर, तुम्हीच सांगा यायले," गुरुजींच्या पत्नी आम्हांला म्हणाल्या, "अर्ध्या रात्री नळी काढून ठेवतेत." गुरुजींची बाजू अशी की नाक कोरडे पडते, कानांमागे नळीचे वळ उठतात, यंत्राच्या घरघरीने नातवंडे जागी होतात. ह्या तक्रारी खऱ्याच होत्या आणि त्यांवर उपायही निघाले. यंत्राच्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी घालावयाचे. कानांवर कापसाची घडी ठेवावयाची. नाकाला तेल किंवा व्हॅसलीन मात्र लावावयाचे नाही, कारण तेलकट पदार्थ प्राणवायूच्या सान्निध्यात पेट घेऊ शकतात. यंत्र दाराबाहेरच्या पडवीत ठेवून लांब नळी आत आणली तेव्हा घरघरही कमी झाली. तरी नळी निघतच होती. खरी अडचण नाकात नव्हती. ती एके दिवशी त्यांच्या तोंडून बाहेर आली : "आयुष्यभर पोरांना सांगितले, स्वतःच्या पायांवर उभे राहा. आता माझा श्वासही माझ्या पायांवर उभा नाही."

त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली होती, जी ते बोलत नव्हते. आपल्या खेड्यांत नाकातोंडाला लावलेला प्राणवायू लोकांनी पाहिला आहे तो मरणाऱ्याच्या. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर तर ही समजूत घट्ट झाली. त्या वर्षी करोनाच्या दुसऱ्या लाटेत देशभर प्राणवायूसाठी धावपळ उडाली. २१ एप्रिल रोजी नाशिकच्या एका महापालिका रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि त्या घटनेत २२ रुग्ण दगावल्याची बातमी घरोघर पोचली. तेव्हापासून नळी लागली म्हणजे घटका भरत आली, असे माणसे धरून चालतात. गुरुजींच्या घरी पहिल्या आठवड्यात जे पाहुणे येऊन गेले ते भेटीला आले नव्हते, अखेरचे पाहावयास आले होते, आणि गुरुजींना ते कळत होते. पण रोज रात्री घरी घ्यावयाचा हा प्राणवायू मरणाऱ्यासाठी नसतो, त्याचा हेतू नेमका उलट आहे. १९८१ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात अशा ८७ रुग्णांपैकी ४२ जणांना दिवसाचे पंधरा तास घरी प्राणवायू देण्यात आला, ४५ जणांना देण्यात आला नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातील १९ वारले, दुसऱ्यातील ३०. त्याच्या आदल्या वर्षी, १९८० मध्ये, उत्तर अमेरिकेतील २०३ रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले होते की केवळ रात्री प्राणवायू घेणाऱ्यांपेक्षा दिवसरात्र घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. डॉक्टरांचा पंधरा तासांचा आग्रह अशा अभ्यासांतून आला आहे.

आणि त्यांत रात्र का? कारण झोपेत प्रत्येकाचाच श्वास उथळ होतो. निरोगी शरीर ते सोसते. पण ज्याच्या रक्तातील प्राणवायू जागेपणीच उंबरठ्यावर आहे, त्याचा तो झोपेत उंबरठा ओलांडून खाली घसरतो. फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडतो, पायांवर सूज येते, सकाळी डोके जड होते. हे सारे माणूस झोपेत असताना घडते, त्याला विचारून घडत नाही.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला ह्याच ठिकाणी दिसू लागले. माणूस आपला श्वास स्वतःचा समजतो तो दिवसा. दिवसा आपण श्वास रोखू शकतो, सोडू शकतो, त्यावर गाणे म्हणू शकतो. रात्री ही सत्ता संपते. गाढ झोपलेला पहिलवानही आपल्या इच्छेने एक श्वास घेत नाही. तो त्याला दिला जातो. रात्री निजताना आपण सारेच अंगावरचे स्वातंत्र्य खुंटीला टांगून अंथरुणावर पडतो आणि सकाळी ते तिथेच असेल ह्या भरवशावर डोळे मिटतो. ख्रिस्तसभेने दिवसाच्या अखेरीस म्हणावयाची जी निद्रापूर्व प्रार्थना ठरविली आहे, तिच्यात म्हाताऱ्या शिमोनाचे निरोपाचे गीत रोज म्हटले जाते, तरुणांनीही आणि धडधाकटांनीही. सेमिनरीत विशीच्या आम्हां विद्यार्थ्यांना ते गीत रोज रात्री म्हणताना गंमत वाटे. विशीत कोण निरोप घेतो? आता वाटते की झोप ही शरणागती आहे एवढेच त्या गीताला सांगावयाचे असेल. गुरुजींची नळी ही गोष्ट डोळ्यांना दिसेल अशी करते. ज्यांना नळी नाही त्यांचीही रात्र उसन्या श्वासावरच जाते, फक्त त्यांच्या उसनवारीचा आवाज होत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात मनुष्याच्या निर्मितीची जी कथा आहे तिच्यातील एक तपशील गुरुजींनीच आम्हांला दाखविला, कारण ते अनेक वर्षे रविवारी मुलांना धर्मशिक्षण देत आले आहेत. परमेश्वराने मातीच्या पुतळ्यात जीवनाचा श्वास फुंकला तो त्याच्या नाकात. "म्हणजे पहिल्या माणसालाही बाहेरूनच," असे म्हणून ते स्वतःशीच हसले. हिब्रू भाषेत रुआह ह्या एकाच शब्दाने वारा, श्वास आणि आत्मा हे तिन्ही अर्थ सांगितले जातात, आणि योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित प्रभू शिष्यांवर श्वास फुंकून त्यांना पवित्र आत्मा देतो. ज्या धर्मात आत्मा हाच दिलेला श्वास आहे, त्या धर्मातील माणसाने दिलेल्या श्वासाची लाज बाळगावी हे थोडे विचित्रच. पण लाज अशी युक्तिवादाने जात नाही, हेही आम्ही पाहिले.

ती काही अंशी गेली ती २०२५ च्या वसंतात, दूरदर्शनच्या पडद्यावरून. फ्रान्सिस पोपमहोदयांच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग १९५७ मध्ये शस्त्रक्रियेने काढण्यात आला होता. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ते रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात दाखल झाले. पुढे दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया झाल्याचे निदान झाले. रुग्णालयाच्या पत्रकांत दिवसाच्या आणि रात्रीच्या उपचारांचा वेगवेगळा उल्लेख असे : दिवसा नाकातील नळीवाटे वेगाने प्राणवायू, रात्री मुखवट्याच्या साहाय्याने यंत्राचा श्वास. ६ एप्रिल रोजी, रुग्णांच्या जयंती सोहळ्याच्या मिस्साबलिदानानंतर, ते चाकांच्या खुर्चीतून अवचित संत पेत्राच्या चौकात आले तेव्हा नाकात नळी होती. ती लपविण्याचा कोणी प्रयत्न केला नाही. २१ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. गुरुजींनी ते दृश्य पाहिले आणि पुढच्या रविवारी आम्हांला एवढेच म्हणाले, "नळी लावून लोकांपुढे आले." त्या आठवड्यापासून पाहुणे आल्यावर नळी उशीखाली सरकविणे बंद झाले.

येथवरचा प्रश्न स्वाभिमानाचा होता. ह्यापुढचा कर्तव्याचा आहे, आणि तो अधिक अवघड आहे. रोज रात्री नळी लावणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे काय? नळी काढून ठेवली तर ते पाप आहे काय? गुरुजींच्या पत्नींना आमच्याकडून नेमके हेच उत्तर हवे होते, म्हणजे रात्रीच्या झगड्यात त्यांच्या बाजूने धर्म उभा राहिला असता.

आपल्या नीतिशास्त्राने ह्या विषयाचा विचार यंत्रे येण्याच्या कितीतरी आधी केला आहे. सोळाव्या शतकात सालामांका येथे शिकविणारे डॉमिनिकन पंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया ह्यांच्यापुढे प्रश्न होता तो अन्नाचा. आजाऱ्याने आयुष्य वाढावे म्हणून वैद्याने सांगितलेली महागडी कोंबडी खाल्लीच पाहिजे काय? त्यांचे उत्तर नकारार्थी होते. सर्वसाधारण माणसे जे खातात ते त्याने खावे, एवढे पुरे. आयुष्य वाढेल म्हणून सर्वांत निरोगी हवेच्या प्रदेशी जाऊन राहण्याचे बंधनही कोणावर नाही. पुढे त्याच परंपरेत साधारण उपाय आणि असाधारण उपाय ही परिभाषा रुळली. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी बारावे पायस पोपमहोदय भूलतज्ज्ञांपुढे कृत्रिम श्वसनाविषयी बोलले तेव्हा त्यांनी हाच भेद सांगितला : माणूस बांधील आहे तो साधारण उपायांना, म्हणजे व्यक्ती, स्थळ, काळ आणि संस्कृती पाहता ज्यांचा स्वतःवर वा दुसऱ्यावर असह्य भार पडत नाही अशांना. ५ मे १९८० च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्राने उपाय प्रमाणशीर आहे की प्रमाणाबाहेर आहे हे पाहण्याची भाषा त्यात आणली.

ही तत्त्वे सेमिनरीत पाठ करताना 'स्थळ' हा शब्द आमच्या नजरेत भरला नव्हता. जिवतीत तो नजरेतून जात नाही. वसईच्या किंवा पुण्याच्या एखाद्या घरात हे यंत्र निःसंशय साधारण उपाय आहे : भिंतीत खटका आहे, खटक्यात वीज आहे, खाली औषधांचे दुकान आहे. येथे हिशेब वेगळा होतो. साधारण तीनशे वॉटचे यंत्र पंधरा तास चालले तर साडेचार युनिट जळतात, महिन्याचे १३५. ज्या घरात दोन दिवे, एक पंखा आणि मोबाइल चार्ज करावयाचा एवढीच वीज लागत होती, त्या घरी हे बिल आल्यावर काय होते ते वाचकांनी कल्पावे. पावसाळ्यात डोंगरावर झाड पडले की वीज जाते आणि कधी रात्रभर येत नाही. त्यासाठी घरात एक सिलिंडर भरून ठेवावा लागतो. दीड हजार लिटरचा सिलिंडर मिनिटाला दोन लिटर ह्या हिशेबाने साडेबारा तास पुरतो, म्हणजे जेमतेम एक रात्र. आणि तो भरून आणावयाचा म्हणजे डोंगर उतरावा लागतो.

डोंगराखाली काय आहे? गडचांदूरच्या बाजूला सिमेंटचे कारखाने, राजुरा-बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणी, आणि चंद्रपूरला २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र, ज्याची वीज राज्यभर जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूरचा क्रमांक चौथा लागला होता. गुरुजींच्या आजाराचे खापर आम्ही कोणत्याही धुराड्यावर फोडीत नाही. त्यांची बिडी आणि त्यांची चूल त्याला पुरेशी होती. पण ज्या जिल्ह्याची हवा जाळून इतरांचे दिवे लागतात, त्या जिल्ह्याच्या डोंगरावरील आजाऱ्याचे यंत्र अंधारात बंद पडावे, ही गोष्ट साधारण की असाधारण, हे सांगावयास नीतिशास्त्राचा कोणताही ग्रंथ लागत नाही. मुलाने गुरुजींना चंद्रपूरला आपल्याकडे राहावयास बोलाविले होते, तिथे वीज जात नाही म्हणून. गुरुजी गेले नाहीत. व्हितोरियांच्या मते त्यांच्यावर तसे बंधन नव्हते; आणि निरोगी हवेचा विचार केला तर मुलाचा युक्तिवाद तसाही लंगडाच होता.

म्हणून गुरुजींच्या पत्नींना आम्ही सांगितले ते असे. यंत्र घरी आलेले आहे, मुलगा बिल भरू शकतो, त्रास आहे पण सोसण्यासारखा आहे, आणि लाभ मोठा आहे. तेव्हा गुरुजींच्या बाबतीत हा साधारण उपाय आहे आणि तो त्यांनी घ्यावयास हवा. पण एखाद्या रात्री नळी निघाली तर ते पाप म्हणून त्यांच्या उशाशी धर्म बसवू नये. धर्म आधीच त्या घरात पुष्कळ जागरण करीत होता. वीज गेली की यंत्राचा भोंगा वाजतो. तो ऐकून उठतात त्या गुरुजी नव्हेत, त्यांच्या पत्नी. सिलिंडरची चावी फिरविणे, काटा दोनवर आणणे, तीनवर जाऊ न देणे (कारण ह्या आजारात प्राणवायू जास्त झाला तरी घात होतो, शरीरात कार्बन डायऑक्साइड साचून माणूस गुंगीत जातो), हे सारे त्या टॉर्चच्या उजेडात करतात. टॉर्चच्या, कारण मेणबत्ती चालत नाही. घरातील वेदीपुढे रोज रात्री जपमाळेच्या वेळी लावावयाची मेणबत्तीही दुसऱ्या खोलीत गेली आहे. वेदी तिथेच राहिली, ज्योत दुसरीकडे. त्या बाईंना ह्याचे वाईट वाटत होते. पवित्र मातेला अंधारातली जपमाळही कळते, असे आम्ही म्हणालो. त्या म्हणाल्या, तिले कळते हो फादर, मले करमत नाही.

पवित्र जपमाळेच्या महिन्यात, म्हणजे गेल्या ऑक्टोबरात, गुरुजींनी आणखी एक प्रश्न काढला. नळी आता अंगवळणी पडली होती, सकाळचे डोके दुखणे थांबले होते, पायांची सूज उतरली होती. शेजारी एक गोंड म्हातारी एकटी राहते. जन्म चुलीपुढे गेला, बिडीला कधी हात लावला नाही, पण रात्री धाप लागून उठून बसते. तिचा खोकला भिंतीतून गुरुजींना ऐकू येतो. गुरुजींनी विचारले : यंत्र एक आड एक रात्री तिला दिले तर? सोमवार माझा, मंगळवार तिचा. ख्रिस्ती माणसाला हे करता येईल काय? की आपल्या जिवाशी खेळल्याचे पाप लागेल?

आम्ही त्यांना लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्यासाठी आपला जीव देण्यास ख्रिस्तसभा आत्मघात म्हणत नाही. संत मॅक्सिमिलियन कोल्बे ह्यांनी १९४१ मध्ये आउश्वित्झच्या छावणीत एका कुटुंबवत्सल कैद्याच्या जागी मरण पत्करले; त्यांचीही फुप्फुसे क्षयाने आधीच पोखरलेली होती. परंतु कोल्बे ह्यांना हे नक्की ठाऊक होते की त्यांच्या जाण्याने तो माणूस वाचेल. गुरुजींना ते ठाऊक नव्हते. प्राणवायू हा धाप लागलेल्या प्रत्येकाचा उपाय नसतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ७३८ रुग्णांच्या अभ्यासात ज्यांचा प्राणवायू माफक प्रमाणात कमी होता त्यांना घरी यंत्र देऊन आयुष्य वाढले नाही, रुग्णालयातील खेपाही घटल्या नाहीत. केवळ झोपेत ज्यांचा आकडा उतरतो त्यांच्याविषयीचा २०२० चा अभ्यास पुरेसे रुग्ण न मिळाल्याने अपुरा राहिला आणि त्यातून निश्चित उत्तर निघाले नाही. तेव्हा गुरुजींनी आपल्या अर्ध्या रात्री दिल्या असत्या तर त्यांचे नुकसान नक्की होते आणि म्हातारीचा लाभ केवळ शक्य होता. प्रीती ही सर्व सद्गुणांत श्रेष्ठ खरी, पण तिला वाट दाखवावयास विवेक लागतो, असे आपले जुने आचार्य सांगत आले आहेत.

एवढ्यावर विषय संपविता आला असता. पण तो तसा संपविणे आम्हांला अप्रामाणिक वाटले. कारण समजा, म्हातारीचा आकडा ८६ निघाला असता तर? तर प्रश्न गुरुजींचा राहिलाच नसता. दोन आजाऱ्यांमध्ये एक यंत्र वाटण्याचा त्याग एका आजाऱ्याने आपल्या फुप्फुसांतून करावा आणि निरोगी शेजाऱ्यांनी, धर्मग्रामाने, त्याचे कौतुक करीत बसावे, ह्याला त्याग म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही. आम्ही धर्मग्रामाच्या सभेत हे मांडले. २०२१ मध्ये ठिकठिकाणी देणगीतून आलेली यंत्रे आज कुठे आहेत, त्यांची नोंद कोणापाशी आहे, त्यांची गाळणी कोणी बदलते काय, असे कोणीतरी विचारले. चार ठिकाणी पत्रे गेली. एका संस्थेच्या गोदामातून एक यंत्र मिळाले, धुळीने भरलेले, पण दुरुस्त होण्यासारखे. ते आता चर्चच्या खोलीत आहे, आणि त्याच्याजवळ कोणाला, किती दिवस, कोणाच्या चिठ्ठीवरून, हे लिहावयाची वही.

म्हातारीला आम्ही जीपने चंद्रपूरला नेले. गुरुजींच्या पत्नी सोबत आल्या, कारण तिला मराठी बेताचे येते आणि डॉक्टरांना गोंडी येत नाही. तिचा आकडा ९३ आला. फुंकण्याच्या चाचणीत श्वासनलिका अरुंद निघाली. डॉक्टरांनी यंत्र नको म्हणून सांगितले, ओढावयाचे औषध दिले, ते कसे ओढावयाचे हे तीनदा करून दाखविले, आणि चुलीपासून दूर राहावयास बजावले. गुरुजींना हा निकाल कळला तेव्हा ते बरे झाले म्हणाले, पण थोडे हिरमुसल्यासारखेही दिसले. देण्याची तयारी करून बसलेल्या माणसाचे असे होते.

तिच्या झोपडीत उज्ज्वला योजनेतील गॅसची शेगडी आहे, सिलिंडरही आहे, फडक्याने झाकून कोपऱ्यात ठेवलेला. भरून आणावयास पैसे नसत. तो खर्च आता गुरुजी देतात आणि दर वेळी आम्हांला पावती दाखवितात. डाळ आणि चहा ती गॅसवर करू लागली आहे. भाकरी मात्र अजून चुलीवरच भाजते, कारण गॅसवरची भाकरी तिला गोड लागत नाही.